मार्क इव्हान्स कुणाचा कोण?

एक साधा प्रश्न. मार्क इव्हान्स कोण?

व्हायव्हाला बसल्यासारखे एकमेकांच्या तोंडाकडे बघू नका. हॅरी पॉटरची सातही पुस्तकं कोळून प्यायलेल्यांनाही हे नाव चटकन आठवणार नाही. 'ऑर्डर ऑफ द फिनिक्स' या पाचव्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात ते येतं आणि जातं. सरे परगण्यातलं लिटल व्हिंगिंग. उन्हाळ्यातली संध्याकाळ. हॅरीचा मावसभाऊ डडली टोळक्यासोबत उनाडक्या करून घरी चाललाय. वाटेत हॅरी त्याला टोमणा मारतो, की आज कुणा दहा वर्षांच्या पोराला धुतलंस, परवा मार्क इव्हान्सला तूच मारलंस हे मला माहीत आहे. डडली म्हणतो, तो उलट बोलला. हॅरी त्यावर आणखी एक चिमटा काढतो, मग हवा अचानक गार पडते, डिमेंटर येतात आणि कथा पुढे सुसाट सुटते. मार्क इव्हान्स संपला. पात्र म्हणून त्याची एकूण कमाई एवढीच.

आणि तरीही या पोराच्या खानदानावर जगभरच्या वाचकांनी वर्षभर डोकं खाजवलं. पाचवं पुस्तक २१ जून २००३ ला आलं आणि सहावं १६ जुलै २००५ ला. मधली दोन वर्षं रिझल्टची वाट बघावी तशी काढायची होती. रिकाम्या डोक्याला काम हवं असतं, आणि काम मिळालं.

तर्क काय होता, ते आधी नीट मांडतो, कारण तो वाटतो तितका बावळट नाही.

एक: आडनाव. हॅरीच्या आईचं माहेरचं नाव लिली इव्हान्स. त्याच पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणात तिच्या शाळेतल्या दिवसांचा प्रसंग आहे आणि तिथे तिला 'इव्हान्स' म्हणूनच हाका मारल्या जातात. दोन: वय. मार्क दहा वर्षांचा आहे आणि हॉगवर्ट्सचं पत्र अकराव्या वर्षी येतं. तीन: ठिकाण. तो हॅरीच्याच परिसरात राहतो. चार, आणि हा सगळ्यात भक्कम मुद्दा: लेखिकेची सवय. रोलिंगबाई नावं सहज टाकून जातात आणि काही वर्षांनी वसूल करतात. सिरियस ब्लॅकचं नाव पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात येतं, हॅग्रिडला मोटारसायकल देणारा म्हणून. तो खरा कोण हे कळायला तिसरं पुस्तक, म्हणजे १९९९ साल उजाडावं लागलं. शेजारची मांजरवाली मिसेस फिग चार पुस्तकं नुसती मांजरवाली असते आणि पाचव्यात, मार्क इव्हान्सच्या उल्लेखानंतर थोड्याच पानांनी, तिचा जादूच्या जगाशी संबंध उघड होतो. मग मार्कचं नाव उगाच कसं असेल?

निष्कर्ष: मार्क इव्हान्स हा हॅरीचा आईकडून लांबचा नातेवाईक. पुढच्या वर्षी त्याला पत्र येणार, आणि हॅरीला अखेर एक आपलं माणूस मिळणार.

२००४ साली रोलिंगबाईंनी जाहीर खुलासा केला. मार्क इव्हान्स कुणीही नाही. कथेत मागे वावरणाऱ्या माणसांना काहीतरी नाव द्यावं लागतं, तसं दिलं. इव्हान्स हे सर्रास आढळणारं आडनाव आहे, ते वापरताना लिलीचं माहेर डोक्यात आलं नाही. विषय संपला.

आता इंजिनिअरिंगच्या पोरांनी या प्रकरणाकडे कसं बघावं?

पहिली गोष्ट पुराव्याची. इव्हान्स हे मुळात वेल्समधलं आडनाव, अर्थ 'इव्हानचा मुलगा', आणि इव्हान म्हणजे तिकडचा जॉन. म्हणजे ज्याच्या बापाचं नाव इव्हान तो इव्हान्स. अशी हजारो घरं, एकमेकांशी काही संबंध नसलेली. आपल्याला हे समजायला वेल्सला जायची गरज नाही. याच पुस्तकांमध्ये पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी आहेत. एक ग्रिफिंडॉरमध्ये, एक रेव्हनक्लॉमध्ये. आपल्याकडे पुस्तक वाचणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी विचारलेलं असतं, "या पोरी कुठल्या रे? कोल्हापूरच्या की जळगावच्या?" पुस्तक काही सांगत नाही. आणि आडनावावरून आपल्यालाही काही सांगता येत नाही, कारण पाटील हा मुळात हुद्दा. ज्या घरी गावची पाटीलकी ती घरं पाटील झाली. मराठ्यांत पाटील, लिंगायतांत पाटील, जैनांत, आगऱ्यांत, कोळ्यांत, लेवा समाजात पाटील, आणि सीमेपलीकडे बेळगाव-विजापूरकडेही पाटील. आपल्या मेसमध्ये "ए पाटील" म्हणून हाक मारली तर निम्मं टेबल मान वर करतं. त्यातले कितीजण एकमेकांचे भाऊ असतात?

दुसरी गोष्ट, उलट पुरावा हातात होता. त्याच पाचव्या पुस्तकाच्या सदतिसाव्या प्रकरणात डंबलडोर हॅरीला सांगतात, की लिलीचं रक्ताचं उरलेलं माणूस एकच, तिची बहीण पेट्युनिया. या एका वाक्यावर हॅरीचं सगळं संरक्षण उभं आहे. म्हणून तर त्याला दरवर्षी त्या रटाळ घरी परतावं लागतं. गल्लीत आणखी एक इव्हान्स रक्ताचा निघाला असता तर कथेचा पायाच डळमळला असता. पण सिद्धान्तावर एकदा जीव जडला की माणूस उलट रीडिंगला 'एरर' म्हणतो. जर्नल लिहिताना आपण ते करतोच. ग्राफ आधी काढायचा आणि रीडिंग नंतर भरायचं.

म्हणजे असले तर्क लढवूच नयेत का? अजिबात तसं नाही. तर्क चांगला लढवला तर किती मजा येते त्याचं उदाहरणही याच मालिकेत आहे. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी खोट्या लॉकेटमध्ये एक चिठ्ठी सापडते, खाली सही आर. ए. बी. हा कोण? वाचकांनी पाचव्या पुस्तकातल्या ब्लॅक घराण्याच्या वंशवृक्षाकडे बोट दाखवलं: सिरियसचा मेलेला धाकटा भाऊ, रेग्युलस ब्लॅक. इथवर हाही आडनावाचाच तर्क. पण लोक तिथे थांबले नाहीत. काही भाषांमध्ये अनुवादकांनी 'ब्लॅक' या आडनावाचंही भाषांतर केलं होतं. डचमध्ये ते 'झ्वार्ट्स', नॉर्वेजियनमध्ये 'स्वार्ट', फिनिशमध्ये 'मुस्टा'. मग तिथल्या चिठ्ठीखाली सही काय आहे? डचमध्ये आर. ए. झेड., नॉर्वेजियनमध्ये आर. ए. एस., फिनिशमध्ये आर. ए. एम. तीन भाषा, तिन्हीकडे आद्याक्षर आडनावाबरोबर बदललेलं. याला म्हणतात स्वतंत्र पडताळणी. २१ जुलै २००७ ला सातवं पुस्तक आलं आणि आर. ए. बी. म्हणजे रेग्युलसच निघाला. ज्यांनी हे शोधलं त्यांना माझा सलाम. प्रोजेक्ट गाईडने एवढं काम करून घेतलं असतं तर आपल्या ब्लॅक बुकला वजन आलं असतं.

तेव्हा माझी तक्रार तर्क चुकला याबद्दल नाहीच. तर्क चुकतात. तक्रार वेगळीच आहे.

तो प्रसंग पुन्हा वाचा. पंधरा वर्षांचा डडली, बॉक्सिंगमध्ये आंतरशालेय अजिंक्यपद मिळवलेला, सोबत टोळकं. समोर दहा वर्षांचं पोर. त्या पोराला मार बसलाय. इतके लोक या मजकुरावर भिंग घेऊन बसले, नाव तपासलं, वय तपासलं, पत्ता तपासला. प्रश्न विचारला तो असा: हा लिलीच्या नात्यातला आहे का? जणू नात्यातला असेल तरच त्याच्या मार खाण्याला काही अर्थ. नसेल तर तो 'कुणीही नाही', आणि मग मार बसला काय, न बसला काय. खुलासा आल्यावर बहुतेकांचा मार्कमधला रस एका दिवसात संपला, यातच सगळं आलं.

गंमत अशी, की रोलिंगबाईंनी हाच स्वभाव सहाव्या पुस्तकात एका अख्ख्या पात्रात ओतून ठेवलाय. प्रोफेसर स्लगहॉर्न. माणूस वाईट नाही. खाऊपिऊ घालणारा, गप्पिष्ट. पण आगगाडीच्या डब्यात त्याने पोरं बोलावली आहेत ती कशासाठी? कुणाचा काका मोठा, कुणाची आई सुंदर आणि श्रीमंत, कुणाचे आईबाप नावाजलेले, हे चाचपायला. मार्कस बेल्बी नावाच्या मुलाचा काका एका महत्त्वाच्या औषधाचा शोधकर्ता. पण बेल्बी बोलून जातो, की काकाचं आणि वडिलांचं फारसं पटत नाही, येणंजाणं नाही. झालं, स्लगहॉर्नची नजर पुढच्या पोराकडे वळते. बेल्बीला पुन्हा बोलावणं नाही. पुढे वर्गात हरमायनी ग्रेंजर पटापट उत्तरं देते, तर हा विचारतो, डॅगवर्थ-ग्रेंजर म्हणून एक थोर किमयागार होऊन गेले, त्यांच्यापैकी का तू? ती सांगते, नाही, माझ्या घरी कुणीच जादूगार नाही. तिचे आईवडील दातांचे डॉक्टर. संपूर्ण मालिकेतली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आणि तिच्या हुशारीचं मूळ आडनावात शोधलं जातं. इव्हान्सवरून लिली आणि ग्रेंजरवरून डॅगवर्थ-ग्रेंजर, दोन्हीकडे गणित एकच.

स्लगहॉर्न निदान 'नाही' म्हटल्यावर हसून घेतो. हरमायनीला त्याने पुढे आपल्या क्लबातही घेतलं. पण हाच प्रश्न सरकारने विचारला तर? तेही सातव्या पुस्तकात आहे, आणि इथे मला दुसरं एक किरकोळ पात्र आठवतं, डीन थॉमस. हॅरीच्याच खोलीत राहणारा, वेस्ट हॅमचा चाहता, हाताने चित्रं काढणारा. त्याच्या बाबतीत रहस्य खरंच होतं. त्याचा बाप जादूगार होता. बायकोला कधी सांगितलं नाही, मुलगा लहान असताना घर सोडलं, आणि व्होल्डेमॉर्टच्या माणसांत सामील व्हायला नकार दिला म्हणून मारला गेला. रोलिंगबाईंनी हे सगळं रचून ठेवलं होतं, पण नेव्हिलच्या कथेला जागा हवी म्हणून पुस्तकातून काढलं. पुस्तकात डीनला हे कधीच कळत नाही. सातव्या पुस्तकात मंत्रालय हुकूम काढतं, की तुमच्या घराण्यात निदान एक जादूगार होता हे सिद्ध करा, नाहीतर तुम्ही जादू चोरली आहे असं धरलं जाईल. डीन जंगलात लपतछपत फिरतो, कारण बाप कोण होता याचा कागद त्याच्याकडे नाही. दुसरीकडे कोर्टात अंब्रिजबाई एका घाबरलेल्या बाईसमोर बसून विचारतात, ही छडी कुणाकडून घेतलीस? तिच्या अर्जात आईवडिलांचा धंदा लिहिलेला असतो, भाजीपाल्याचं दुकान.

आणि याच अंब्रिजबाईंच्या गळ्यात एक लॉकेट असतं, लाच म्हणून लाटलेलं. त्यावरच्या 'एस' अक्षराचा अर्थ त्या सेल्विन घराणं असा सांगतात. आपण थोर रक्ताच्या, हे दाखवायला. सगळी थाप. २०१४ साली रोलिंगबाईंनी लिहिलं, की अंब्रिजची आई साधी मगल होती आणि बाप मंत्रालयाच्या देखभाल खात्यात कामाला होता. दुसऱ्यांची कुळं तपासणाऱ्या बाईने स्वतःचं कूळ दडवून ठेवलेलं.

कुणी म्हणेल, "अरे बाबा, कथा आहे. थोडी गंमत केली तर बिघडलं कुठे? आणि लेखिका तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहे? हॅरी स्वतः शेवटी पेव्हरेल घराण्याचा वंशज निघतोच ना?" मुद्दा बरोबर आहे. लेखिकेने वाचकांना ही चटक स्वतःच लावली, हे मान्य करायला हवं. रक्ताला महत्त्व नाही असं सात पुस्तकं सांगायचं आणि नायकाला मात्र जुनं घराणं द्यायचं, यात विसंगती आहेच. गंमतीलाही माझा विरोध नाही. पण गंमत पानावर राहत नाही, हा माझा मुद्दा. वाचताना जी सवय लागते ती जेवताना आणि झोपतानाही सोबत असते.

हॉस्टेलवर नवीन पोरगं आलं की पहिला प्रश्न काय असतो? "नाव काय?" तो नाव सांगतो. "पूर्ण नाव?" तो वडिलांचं नाव सांगतो. "आडनाव?" मग "गाव कुठलं? तालुका?" हे प्रश्न भूगोलासाठी नसतात, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. आमच्या विंगमध्ये मध्यंतरी एक ज्युनियर होता. खोलीच्या दारावर फक्त स्वतःचं आणि वडिलांचं नाव लिहिलेलं, आडनाव नाही. आठवडाभरात त्याच्यावर तीन थिअऱ्या तयार झाल्या. एकाने बोलण्याच्या लकबीवरून जिल्हा काढला, दुसऱ्याने कॅप राऊंडची यादी शोधली, तिसऱ्याने वडिलांच्या नावावरून जात. पुरावे, प्रतिपुरावे, रात्री दोन वाजेपर्यंत चर्चा. त्याच दिवसांत त्या पोराने मेसला येणं बंद केलं होतं. ॲडव्हान्स भरायला पैसे नव्हते, आठ दिवस तो वडापाव आणि बिस्किटांवर होता. हे त्याच्या रूममेटला माहीत होतं. थिअरीवाल्यांपैकी एकालाही नव्हतं. त्याचा तालुका मात्र सगळ्यांना पाठ होता.

रूममेटने रेक्टर सरांना सांगितलं, सरांनी मेसवाल्याशी बोलून हप्ता बांधून दिला, प्रश्न सुटला. हप्ता बांधताना त्याचं आडनाव विचारायची गरज कुणाला पडली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. तर्क जरूर लढवा, रात्र रात्र लढवा, परीक्षेच्या आदल्या दिवशीही लढवा. पण दोन नियम पाळा. पहिला, तुमचा सिद्धान्त खोटा ठरू शकेल अशी एक तरी कसोटी आधीच सांगून ठेवा. डच आवृत्ती उघडून बघण्याची तयारी हवी, आणि सदतिसावं प्रकरण आलं की माघार घेण्याचीही. दुसरा, कुणाचा कोण हे विचारण्याआधी त्या पात्राचं त्या वाक्यात काय चाललंय ते वाचा. हे दोन नियम पानांना लागू आहेत तसे विंगलाही.

मार्क इव्हान्सबद्दल पुस्तक आपल्याला मोजकंच सांगतं. तो दहा वर्षांचा होता. आपल्याहून पाच वर्षांनी मोठ्या, बॉक्सिंगमध्ये अजिंक्यपद मिळवलेल्या पोराला तो उलट बोलला, असं मारणारा स्वतःच सांगतो. आणि त्याला मार बसला. पुढच्या वर्षी त्याला हॉगवर्ट्सचं पत्र आलं नाही. त्या गल्लीतून शाळेला जाताना त्याला डडली पुन्हा भेटला असणार, आणि तेव्हा त्याच्या बाजूने कुणी उभं होतं का, यावर मात्र कुणी थिअरी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही.